पगार झाला का?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. नोएडातल्या आमच्या घरी दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. माझ्या नणंदेचा मुलगा दिल्ली विद्यापीठात शिकतो आणि शनिवारी कॅनॉट प्लेसजवळ हनुमान रोडवर, सर्व्हान्तेस संस्थेत, स्पॅनिशच्या वर्गाला जातो. रविवारी तो आमच्याकडे येतो. मामा-मामीच्या ओढीने येतो असं म्हणतो, पण खरी ओढ वरण-भाताची आहे.

हात पुसता पुसता तो म्हणाला, "मामी, काल वर्गात फजिती झाली. हॉटेलात बिल कसं मागायचं ते बाई शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि वाचला, पागार. मी एकटाच मोठ्याने हसलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"हसण्यासारखं काय त्यात?" माझे सासरे, म्हणजे आबा, खुर्चीतून म्हणाले. "पगार आपला शब्द आहे. नेला असेल त्यांनी आपल्याकडून."

माझी लेक सहावीत आहे. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली. तिने मोबाइलमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "आबा, पगार पिक्चरमधला वर्ड आहे. बंबईया. इथे सगळे सॅलरी म्हणतात, नाहीतर तनख्वाह."

म्हणजे एकाच टेबलावर तीन पिढ्या आणि एका शब्दाचे तीन मालक. वाद जेवणानंतरचा असल्यामुळे लवकर मिटण्यासारखा नव्हता. या महिन्याच्या लेखासाठी मी दुसराच शब्द निवडून ठेवला होता, तो बाजूला ठेवला. आज पगाराचंच बघू.

आधी आबांची माफी मागून सांगते, शब्द आपला नाही. निदान जन्माने नाही. 'पगार' आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ 'पैसे देणे', 'चुकते करणे'. स्पॅनिशमध्येही हेच क्रियापद, इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी उचललं ते 'पे'. हो, तुमच्या फोनमध्ये आहे तेच 'पे'. भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेल्या चौकोनी कोडावर तुम्ही फोन धरता, 'गूगल पे' किंवा 'फोनपे' उघडता, तेव्हा तुमचं बोट पगाराच्या चुलतभावावर असतं. फोनपेवाल्यांनी तर आपल्या चिन्हात चक्क देवनागरी 'पे' लिहिलेलं आहे. एक भाऊ लिस्बनहून गलबतात बसून कोकणच्या किनाऱ्याला लागला, दुसरा पॅरिस-लंडन करत शेवटी २०१६ नंतर यूपीआयवर बसून आला. आता दोघे एकाच फोनमध्ये राहतात. महिन्याच्या सुरुवातीला पगार येतो आणि पंधरा तारखेच्या आत 'पे' तो संपवतो.

हे सगळे भाऊ ज्या आजोबांचे, ते लॅटिन. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. इंग्रजीतला 'पीस' त्याचाच. या 'पाक्स'पासून क्रियापद झालं 'पाकारे', म्हणजे शांत करणे. पगार शब्दाचा मूळ अर्थ हा आहे. पैशाचा त्यात मागमूसही नाही.

मी हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "शांत करणे? पगार झाल्यावर तर पार्टी असते."

थांबा, गंमत पुढे आहे. रोमन लोक हे 'शांत करणे' कसं करायचे? तलवारीने. एखादा प्रांत जिंकला, माणसं मारली, उरलेली दबली, की तो प्रांत 'शांत' झाला. सीझरने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला तेव्हा त्याने आपल्या लिखाणात त्या देशासाठी हाच शब्द वापरला. शांत केलेला गॉल. राज्यकर्त्यांची भाषा तेव्हाही अशीच असायची.

रोमन साम्राज्य गेलं, लॅटिन मात्र देवळांत, दप्तरांत आणि लोकांच्या तोंडी बदलत बदलत राहिली. मध्ययुगात 'पाकारे'चा अर्थ हळूहळू सरकला. शांत कोणाला करायचं? ज्याचं आपल्याकडे येणं आहे त्याला. सावकार दाराशी येऊन बसला आहे, वाण्याची वही लांबत चालली आहे, मजूर अंगणात उभा आहे. त्याचं मन शांत करायचं तर एकच उपाय, त्याचं जे आहे ते त्याला देणं. म्हणून 'शांत करणे'चं झालं 'समाधान करणे', 'समाधान करणे'चं झालं 'देणं चुकतं करणे', आणि शेवटी नुसतं 'पैसे देणे'. इंग्रजीत 'पे' साधारण १२०० च्या सुमारास आला तेव्हा 'खूश करणे, समाधान करणे' हा अर्थही त्याच्यासोबत होता. पुढे तो झिजला आणि पैसे तेवढे उरले.

रोमानियन ही लॅटिनचीच एक लेक, पण तिचा संसार वेगळा झाला. तिथे या कुळातलं क्रियापद आजही भांडणाऱ्यांचा समेट घडवण्यासाठी वापरतात. पैसे देण्यासाठी त्यांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांतून दुसरा शब्द घेतला. म्हणजे तिकडे जुना अर्थ जिवंत राहिला.

आणि पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये या 'पगार'ला 'अ' लावून आणखी एक क्रियापद आहे, 'अपगार'. त्याचा अर्थ दिवा मालवणे, आग विझवणे. झोपताना आई पोराला सांगते, दिवा 'अपगार' कर. आपण काय म्हणतो आठवा. देवापुढचा दिवा विझला असं घरातली मोठी माणसं म्हणू देत नाहीत, दिवा 'शांत झाला' म्हणायचं. लिस्बनमध्ये बसलेल्या कुणाला आणि सांगलीतल्या आपल्या आजीला, ज्योत विझणं आणि शांत होणं एकच वाटावं, हे काही कुणी कुणाकडून शिकलेलं नाही.

'पाक्स'ची आणखी एक नात तर नकाशावर पृथ्वीचा तिसरा हिस्सा अडवून बसली आहे. मॅगेलन हा पोर्तुगीज दर्यावर्दी स्पेनच्या राजासाठी निघाला होता. १५२० साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या वादळी सामुद्रधुनीतून तो पलीकडे बाहेर पडला आणि समोर पाणी निवांत दिसलं, म्हणून त्याने त्याला 'पासिफिको' म्हटलं. आपण त्याचं भाषांतर केलं प्रशांत महासागर. तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातला पॅसिफिक आणि बाबांचा पगार एकाच घरातले. हे ऐकून लेकीने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

आता हा शब्द आपल्याकडे कसा रुजला, तेही बघू. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला, वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं, त्यांच्याकडे राहिली. गोव्यात तर ते १९६१ पर्यंत होते. इतकी वर्षं शेजार असला की भाषा उसनवारी करणारच. पण काय घेतलं ते पाहण्यासारखं आहे. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पिंप, घमेलं, इस्त्री, मेस्त्री, लिलाव. यात तत्त्वज्ञानाचा एकही शब्द नाही. सगळे स्वयंपाकघरातले, बांधकामावरचे, गोदामातले. राजवाड्यातल्या मेजवानीत शिकलेले हे शब्द नव्हेत. ज्यांच्या हाताला काम होतं त्यांनी ते कानाने टिपले. त्याच माणसांनी 'पगार' हाही टिपला असणार. महिना भरला की साहेबाच्या तोंडून कोणता शब्द ऐकायची आपण वाट बघू, याचा विचार करा!

मौज अशी की पोर्तुगीज माणसाला आपला 'पगार' चुकीचा वाटेल. त्यांच्याकडे ते क्रियापद आहे, 'देणे'. महिन्याच्या वेतनाला ते दुसरे शब्द वापरतात. 'माझा पगार कमी आहे' हे त्यांच्या कानाला 'माझं देणे कमी आहे' असं काहीतरी लागेल. आपण मात्र त्याला नाम करून टाकलं, पुल्लिंगी केलं, विभक्तीचे प्रत्यय चढवले, आणि असा मुलगा मानला की आता सख्खा कोण नि दत्तक कोण ओळखू येत नाही. पगारवाढ, पगारपत्रक, पगारदार, पगारी रजा, बिनपगारी रजा. घरात सगळ्यांना सल्ले देत फिरणाऱ्या काकांना आपण 'बिनपगारी फुल अधिकारी' म्हणतो, त्यात तर एक पोर्तुगीज, एक इंग्रजी, एक संस्कृत असे तिघे हातात हात घालून उभे आहेत आणि वाक्य अस्सल मराठी आहे. तेव्हा आबा तसे पूर्ण चुकलेले नव्हते.

लेकीचंही थोडं बरोबर होतं. पगार हा शब्द मराठी, कोकणी, गुजराती अशा किनाऱ्यालगतच्या भाषांत पक्का बसला. मुंबईच्या हिंदीत तो गेला, तिथून सिनेमात. दिल्लीपर्यंत तो पाहुण्यासारखा पोहोचला, कळतो सगळ्यांना, पण स्वतःहून फारसं कुणी वापरत नाही. बाकीचे पोर्तुगीज शब्द मात्र उत्तरेत बिनदिक्कत राहतात. आमच्या सोसायटीत नळ दुरुस्त करायला येतो तो मिस्त्री, त्याच्या हातात बाल्टी, खिशात चाबी, आणि घरातली अलमारी, सगळी मंडळी तिकडचीच. जुन्या वस्तूंचा 'नीलाम' आणि आपला 'लिलाव' हेही एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन उच्चार आहेत.

मग पगारालाच दिल्लीत जागा का मिळाली नाही? कारण जागा आधीच भरलेली होती. दिल्लीत तनख्वाह बसली होती. हा शब्द फारसी. 'तन' म्हणजे शरीर, 'ख्वाह' म्हणजे हवं असणारं. देहाला हवं ते, अंगाला लागेल ते. मुघलांच्या काळात मनसबदाराला द्यायच्या वेतनासाठी हा शब्द होता, आणि ते वेतन पुष्कळदा रोख न देता एखाद्या भागाचा महसूल तोडून दिला जाई. फारसीचं राज्य दप्तरांवर १८३७ पर्यंत होतं. त्यानंतर फारसी गेली तरी तनख्वाह राहिली.

ती मराठीतही आली, पण इकडे तिने थाट बदलला. 'तनखा' म्हटलं की मराठी माणसाला कारखान्यातला कामगार आठवत नाही, संस्थानिक आठवतात. संस्थानं विलीन झाल्यावर राजेरजवाड्यांना सरकारकडून मिळत ते तनखे, जे १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. इथे दिल्लीच्या संसदेत ते बंद झाले तेव्हा संसदेबाहेरच्या चहावाल्याकडे काम करणारा पोऱ्या आपल्या महिन्याच्या कमाईला 'तनखा'च म्हणत असणार. शब्द तोच, एकाचा हत्ती-घोड्यांचा आणि दुसऱ्याचा चहाच्या कपांचा.

लेकीच्या 'सॅलरी'बद्दल एक गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये नक्की वाचली असेल, की रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं. शब्द मिठावरून आला हे खरं. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात आणि वेतनाला 'सालारियुम'. पण सैनिकांच्या पदरात दर महिन्याला मिठाची पुडी टाकत, असा तेव्हाचा भक्कम पुरावा कुणाला मिळालेला नाही. तरी मीठ आणि चाकरी यांचं नातं आपल्याला समजावून सांगायला नको. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडेही आहेच. आणि सरकारी कागदावरचं 'वेतन' तर या सगळ्यांहून वडीलधारं. पाणिनीलाही ते माहीत आहे. वेतनावर जगणाऱ्याला 'वैतनिक' म्हणण्याची सोय त्याच्या व्याकरणात आहे. इतकं जुनं असूनही घरात कुणी 'आज वेतन झालं' म्हणत नाही. काही शब्द कायम इस्त्रीच्या कपड्यांत राहतात.

तर मूळ मुद्दा, शांत करणे आणि पैसे देणे. हा विचार एकट्या लॅटिनला सुचला असं नाही. हिब्रूमध्ये 'शालोम' म्हणजे शांतता, भेटल्यावर म्हणतात तो शब्द, आपल्या ओळखीच्या 'सलाम'चा भाऊ. त्याच मुळापासून तयार झालेलं 'लेशालेम' म्हणजे पैसे चुकते करणे. जर्मनमध्ये 'समाधानी' यासाठी जो शब्द आहे, 'त्सुफ्रीडन', त्यात 'फ्रीडन', म्हणजे शांतता, बसलेली आहे. पैसे मिळाल्याची पावती जर्मनमध्ये 'क्विटुंग', आणि तिचं नातं इंग्रजीतल्या 'क्वाएट'शी, गप्प, निवांत. पावती हातात पडली की माणूस गप्प झाला.

आणि मराठीत? मी दोन दिवस शोधत होते आणि उत्तर रोजच्या बोलण्यात होतं. "एवढ्या पगारात भागतं का तुमचं?" हा प्रश्न तुम्हीही कुणाला तरी विचारला असेल, किंवा कुणी तरी तुम्हाला. हे 'भागणं' काय आहे बघा. तहान भागते. भूक भागते. गरज भागते. आणि देणंही आपण भागवतो. कर्ज भागवलं, वाण्याचं बिल भागवलं. घशाला पाणी मिळून तो निवणं आणि सावकाराला पैसे मिळून तो निवणं, दोन्हींना मराठीने एकच क्रियापद दिलं. लॅटिनचा 'पाकारे' ज्या वाटेने गेला, त्याच वाटेवर आपलं 'भागवणे' उभं आहे. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. पडली ती कोकणच्या किनाऱ्यावर, आणि तेव्हापासून आपण 'पगारात भागणं' असं म्हणतो. एका वाक्यात दोन भाषांनी तीच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

मी हे सगळं आबांना वाचून दाखवलं. शब्द परका निघाला म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शांत करणे. बरोबर आहे ते. मी पाहिलंय."

आबा १९७० च्या दशकात साताऱ्याहून फरिदाबादला आले आणि एका खासगी कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. महिनाअखेरीला पगारपत्रक करायचं, बँकेतून रोकड आणायची, नोटा आणि चिल्लर मोजून पाकिटं भरायची, आणि मग जाळीच्या खिडकीमागे बसून एकेकाला नाव पुकारून ती द्यायची. समोरच्याने रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा. खिडकीपुढे हरियाणाची माणसं असत, पूर्वांचलची, बिहारची, दोन-चार मराठीही. आबा म्हणतात, त्या खिडकीत त्यांनी हिंदुस्थान पाहिला.

एका वर्षी कारखाना अडचणीत आला. तीन महिने पगार झाले नाहीत. मालक खिडकीत येत नाही, खिडकीत हिशेबनीस असतो. पहिल्या महिन्यात लोक विचारायचे, बाबूजी, कधी? आबा म्हणायचे, सोमवारी. दुसऱ्या महिन्यात त्यांनी वार सांगणं सोडलं. माणसं चिडत, ओरडत, जाळीवर हात आपटत. "ओरडत होते तोवर मला भीती नव्हती," आबा म्हणाले. "तिसऱ्या महिन्यात ओरडणं थांबलं. नुसते येऊन उभे राहायचे. ती शांतता वेगळी." त्यांचा स्वतःचाही पगार तीन महिने नव्हता. आमच्या सासूबाईंनी तेव्हा पाटल्या विकल्या, हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर या रविवारी कळलं.

मग एके दिवशी रोकड आली. तीनही महिन्यांची नव्हती, दीड महिन्याची होती. आबांनी पाकिटं भरली. पहिल्या माणसाने पाकीट घेतलं, तिथेच उघडून नोटा दोनदा मोजल्या, अंगठा दिला, आणि बाजूला जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. आनंद नाही, ओरडा नाही. दुसराही तसाच. थोड्या वेळाने भिंतीला टेकून बसलेल्यांची रांग लागली. "पाणी प्यायलेल्या बैलासारखे," आबा म्हणाले. मग त्यांना ती उपमा बरी वाटली नसावी. "म्हणजे... निवले होते, एवढंच."

इथे एक खोच आहे, ती मला लेख लिहायला बसल्यावर टोचायला लागली. 'पाकारे'त शांत कोण होतं आणि कुणासाठी? सीझरने शांत केलं ते स्वतःच्या सोयीसाठी. पैसे देऊन तोंड बंद करणारेही शांतच करतात. आबांच्या कारखान्यात दीड महिन्याचे पैसे दिले गेले ते माणसांची तहान भागावी म्हणून, की गेटबाहेर गडबड होऊ नये म्हणून? आबांना विचारलं. ते म्हणाले, "दिले दुसऱ्याच कारणासाठी. पण पोहोचले पहिल्याच्या घरी."

आणि दुसरी खोच आपल्या मराठीची. दिल्लीत तनख्वाह 'मिलती है' किंवा 'आती है'. आपला पगार 'होतो'. पाऊस होतो, सकाळ होते, तसा पगार होतो. पगार झाला का? नाही अजून. यात देणारा कुठेच नाही. पोर्तुगीज क्रियापदाला कर्ता लागतो. कुणी तरी द्यावं लागतं. आपण त्याचं नाम केलं आणि देणारा वाक्यातून निसटला. आबांच्या खिडकीपुढचे लोक 'पगार का झाला नाही' असं विचारत. 'तुम्ही का दिला नाहीत' असं फार थोडे विचारत. वेतन देण्याबाबतच्या १९३६ च्या कायद्याने मात्र वाक्यात कर्ता घातला होता आणि तारीखही: हजारापेक्षा कमी माणसं असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत. कारखान्यांसाठी तो कायदा होता. घरात भांडी घासायला, पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांसाठी नव्हता.

मुलांसाठी एक खेळ सांगते. घरात फिरा आणि पोर्तुगीज शब्द असलेल्या वस्तू शोधा. आमच्याकडे लेकीला अर्ध्या तासात नऊ सापडल्या. दहावा भाच्याने सांगितला, हापूस, पण घरात एकही हापूस शिल्लक नसल्यामुळे तो ग्राह्य धरला नाही. इस्त्रीवरून वाद झाला, कारण दिल्लीत तिला 'प्रेस' म्हणतात आणि लेकीचं म्हणणं वस्तूचं नाव जिथे वस्तू आहे तिथलं धरावं. तुमच्याकडे किती निघाल्या ते खाली लिहा.

हा लेख आबांना दाखवला तेव्हा त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. चष्मा काढून, पुसत. "आज तारीख काय?"

चार, मी म्हटलं.

"ताईंचा पगार झाला?"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मालद्याच्या आहेत. सकाळी साडेसहाला येतात, आठ वर्षं येत आहेत. माझा पगार एक तारखेला होतो. त्यांचा पाच-सहाला, कधी सातला. पैसे नसतात असं नाही. लक्षात राहत नाही. आणि त्या मागत नाहीत. दोन तारखेपासून निघताना दाराशी जरा रेंगाळतात, चपला सावकाश घालतात, "भाभी, और कुछ है?" असं विचारतात. आठ वर्षं मी "नहीं, बस हो गया" असं सांगते आहे.

आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत. त्या खालच्या मजल्यावर दुसऱ्या घरी असतील. फोन हातातच आहे.